मधुमेहातील कौटुंबिक आधार

टाइप-२ मधुमेह असलेल्या व्यक्तीला आहार, व्यायाम, औषधे व तपासण्या सांभाळण्यासाठी घरच्यांकडून मिळणारी साथ. डॉक्टरांची भेट काही महिन्यांतून एकदा होते. आजार मात्र रोज स्वयंपाकघरात सांभाळावा लागतो. नियंत्रण किती साधले हे एचबीए१सी चाचणीतून कळते. ती मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवते. बहुतेक प्रौढांसाठी एचबीए१सीचा आकडा 7 टक्क्यांखाली असावा. वृद्धांसाठी डॉक्टर मर्यादा थोडी सैल ठेवतात.

रुग्णापुरते वेगळे पथ्याचे जेवण सहसा फार दिवस टिकत नाही. रांधणारी व्यक्तीच रुग्ण असेल तर तिच्या पथ्यासाठी दुसरी भाजी कोणी करत नाही. बाईच्या आजाराची ही आबाळ घरोघरी दिसते. म्हणून सगळ्यांचेच ताट बदलावे: अर्धे भाजी-कोशिंबिरीचे, पाव डाळ-उसळीचे, उरलेल्या पावात भात किंवा भाकरी. ज्वारीची झाली तरी भाकरीने साखर वाढतेच, त्यामुळे तीही मोजून खावी.

आधार आणि पाळत यांत फरक आहे. चारचौघांत ‘तुला चालत नाही ना?’ असे टोकले की रुग्ण चोरून खाऊ लागतो, साखरेचे आकडे लपवतो, आणि डॉक्टर अपुऱ्या माहितीवर डोस ठरवतात. त्यापेक्षा जेवणानंतर सोबत चालायला जावे, संपत आलेल्या गोळ्या आणून ठेवाव्यात.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या, शरीरातले इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवण चुकले तर साखर घसरते. एकादशीला हा धोका असतोच, वर फराळाला साबुदाणा खाल्ला की साखर झपाट्याने चढते. उपवासाआधी डोस विचारून घ्यावा. घाम, थरथर, छातीत धडधड किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास साखर मोजावी. ती 70 मिग्रॅ/डेसीलिटरखाली असेल, किंवा मोजणे शक्य नसेल, तर सुमारे 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा मोजावे. पेढा-चॉकलेट देऊ नये. स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा उतरते. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून रुग्णालयात न्यावे.

रोज रात्री तळपाय व बोटांच्या बेचक्या पाहणे हेही घरच्यांचे काम, कारण संवेदना गेलेल्या पायाची जखम दुखत नाही. रुग्णाची भावंडे व मुले यांना मधुमेहाचा धोका अधिक असल्याने त्यांनीही साखर तपासून घ्यावी.