गाओकाओ : इंग्रजी विषयाची तयारी

चीनमधील विद्यापीठ-प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत इंग्रजीची जी प्रश्नपत्रिका असते तिच्यासाठी उच्च माध्यमिक शाळेतील विद्यार्थी करतात तो अभ्यास. शिक्षणक्रम तीन वर्षांचा असला, तरी तयारी हा शब्द मुख्यतः तिसऱ्या वर्षाला (चिनी संज्ञा ‘गाओसान’) लावला जातो. ‘गाओकाओ’ हे रूप मराठी वृत्तपत्रांत रुळले आहे; मूळ उच्चार ‘काओखाओ’ याच्या अधिक जवळ जातो. उच्च शिक्षणसंस्थांची परीक्षा असा त्याचा अर्थ. २०२४ मध्ये तिच्यासाठी १ कोटी ३४ लाख २० हजार विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली होती.

उच्च माध्यमिक शाळेची पात्रता परीक्षा हिच्याहून वेगळी. शाळा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी ती लागते. १९८० नंतरच्या दशकात शांघायपासून सुरू झालेल्या ‘हुईकाओ’ परीक्षेची ती वारस होय. तिची काठिण्यपातळी कमी असते आणि तिच्यासाठी स्वतंत्र तयारी सहसा थोडीच करावी लागते. त्यामुळे पुढील विवेचन मुख्यतः गाओकाओचे आहे.

प्रश्नपत्रिकेचे स्वरूप : शांदोंग व हायनान प्रांतांत २०२० पासून लागू झालेली आणि नंतर बहुतेक प्रांतांत पोहोचलेली नवी राष्ट्रीय प्रश्नपत्रिका १५० गुणांची व १२० मिनिटांची असते. श्रवणाला ३०, वाचनाला ५०, भाषाप्रयोगाला ३० व लेखनाला ४० गुण असतात. भाषाप्रयोगात पर्यायांमधून निवडून भरायच्या १५ आणि व्याकरणानुसार योग्य रूप लिहून भरायच्या १० रिकाम्या जागा येतात. जुन्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्यातील चुका शोधण्याचा १० गुणांचा प्रश्न व २५ गुणांचे एकच निबंधवजा लेखन होते. राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत बोलण्याची परीक्षा नाही. या एका उणिवेने तयारीचे स्वरूप जितके ठरले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने ठरले असेल.

इतिहास : १९५० नंतरच्या दशकात चिनी शाळांमध्ये रशियनचे प्राबल्य होते. सोव्हिएट संघाशी संबंध बिघडल्यावर, १९६४ मधील परकीय भाषा शिक्षणाच्या सात वर्षांच्या आराखड्याने इंग्रजीला पहिल्या परकीय भाषेचे स्थान दिले. पण सांस्कृतिक क्रांतीमुळे १९६६ मध्ये प्रवेश परीक्षाच बंद पडली. १९७७ च्या हिवाळ्यात ती पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे ५७ लाख परीक्षार्थींतून २ लाख ७० हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. त्या वर्षी परकीय भाषेची परीक्षा भाषाविषयक अभ्यासक्रमांना जाणाऱ्यांपुरतीच होती.

पुढचा टप्पा सावकाश गाठला गेला. १९७८ मध्ये परकीय भाषेचे गुण एकूण बेरजेत धरले गेले नाहीत, केवळ संदर्भासाठी पाहिले गेले. त्यानंतर त्यांतील किती वाटा बेरजेत धरावा याचे प्रमाण, उपलब्ध कोष्टकांनुसार, १९७९ मध्ये १० टक्के, १९८० मध्ये ३०, १९८१ मध्ये ५०, १९८२ मध्ये ७० आणि १९८३ पासून पूर्ण असे वाढत गेले. पहिल्या एक-दोन वर्षांतील प्रमाण सर्व संस्थांना सारखे नव्हते, हे लक्षात घेऊनच ही कोष्टके वाचावीत. इंग्रजी शिकवू शकणाऱ्या शिक्षकांची एक पूर्ण पिढीच मधल्या काळात खुंटली होती. हा संथपणा त्यामुळे समजण्याजोगा आहे, किंबहुना ग्रामीण शाळांच्या दृष्टीने तो न्याय्यच म्हणावा लागेल.

घोकंपट्टीचे मूळ : या तयारीत पाठांतराला जे स्थान आहे त्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत त्याचा धागा ‘केजू’ या शाही सेवा-परीक्षेपर्यंत नेते. केजूचा आरंभ साधारणतः स्वी राजवटीत, इ. स. ६०५ च्या सुमारास मानतात. काही अभ्यासक तो ५८७ पर्यंत मागे नेतात, तर काही थांग काळापर्यंत पुढे आणतात. ती १९०५ मध्ये रद्द झाली. मिंग काळात, बहुधा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिच्यातील ‘अष्टपाद’ (ठरीव आठ भागांच्या) निबंधाचा साचा पक्का झाला. आजच्या ठरीव साच्याच्या इंग्रजी निबंधाला चीनमध्ये ‘नवा अष्टपाद’ म्हणून नावे ठेवली जातात, ती याच संदर्भाने. दुसऱ्या मतानुसार हे मूळ बरेच अलीकडचे आहे. १९५० नंतर सोव्हिएट पद्धतीवर बेतलेला ‘सखोल वाचन’ तास, म्हणजे एकच छोटा पाठ घेऊन त्यातील शब्द, व्याकरण व भाषांतर यांचा कीस काढायचा आणि शेवटी तो तोंडपाठ करायचा, हा त्याचा खरा पूर्वज होय. परकीय भाषेच्या वर्गापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. केजूने परीक्षेविषयीचा आदर दिला असेल. वर्गातली रीत मात्र तिच्यापासून आलेली दाखवणे कठीण आहे.

परीक्षेचा अध्यापनावरील प्रभाव : हा विषय तज्ज्ञांच्या दीर्घ वादाचा आहे. १९८५ मध्ये ग्वांगदोंग प्रांतात प्रमाणीकृत इंग्रजी प्रवेश परीक्षेचा प्रयोग सुरू झाला. ग्वांगझौच्या परकीय भाषा संस्थेतील गुई शिचुन व ली शियाओजू हे त्याचे प्रमुख शिल्पकार. परीक्षेत व्याकरणाच्या माहितीऐवजी भाषेचा वापर तपासला, तर वर्गातही वापर शिरेल, असा त्यांचा हिशेब होता. ली यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या अपेक्षेला दुजोरा देणारी निरीक्षणे नोंदवली. शिक्षक पाठ्यपुस्तकाबाहेरचे साहित्य आणू लागले आणि विद्यार्थी तासाव्यतिरिक्त इंग्रजी वाचू लागले, असे त्यांचे म्हणणे होते. हीच परीक्षा पुढे देशभर लागू झाली.

या आशावादाला संशोधक ची लूशिया यांच्या २००४ ते २००७ दरम्यानच्या लेखनाने मोठी मुरड घातली. परीक्षा तयार करणारे, निरीक्षक, शिक्षक व विद्यार्थी या सर्वांशी बोलून त्यांनी असे दाखवले की प्रवेशासाठी निवड करणे आणि अध्यापन बदलणे ही परीक्षेची दोन कामे एकमेकांना छेद देतात. ज्या परीक्षेवर मुलाचे आयुष्य ठरते तिच्यात शिक्षक प्रयोग करीत नाही, तो प्रश्नाच्या आकाराचाच सराव घेतो. पत्रलेखनात ‘हे पत्र कोणाला व कशासाठी’ हा भाग बाजूला राहतो आणि मुद्दे सुटले नाहीत ना, अक्षर नीट आहे ना, हे पाहिले जाते. दोन्ही निरीक्षणे आपापल्या काळापुरती खरी असू शकतात, कारण नवी परीक्षा आल्यावर पहिली काही वर्षे तिचा साचा कोणालाच ठाऊक नसतो. तरी नंतरच्या सुधारणांचा अनुभव पाहता ची यांचे विवेचन अधिक टिकाऊ ठरले आहे.

शब्दसूची : तयारीचा कणा म्हणजे शब्द. ‘तीन हजार पाचशे’ हा आकडा प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असतो. तो अभ्यासक्रमातून आलेला नाही, परीक्षेच्या वार्षिक माहितीपत्रकाला जोडलेल्या शब्दसूचीतून रूढ झाला. २०१९ च्या शासकीय मार्गदर्शक सूचनेनंतर नव्या पद्धतीच्या प्रांतांसाठी असे माहितीपत्रक काढणे बंद झाले, आणि प्रश्न अभ्यासक्रमाच्या मानकांवर आधारले जाऊ लागले. २०१७ च्या मानकांतील सूचीत माध्यमिकचे १५००, उच्च माध्यमिकच्या अनिवार्य भागाचे ५०० आणि निवडक-अनिवार्य (प्रवेश परीक्षा देणाऱ्यांसाठीच्या) भागाचे १००० असे मिळून ३००० शब्द आहेत. असे असूनही ‘तीन हजार पाचशे’ची पुस्तके विकली जातात व पाठ केली जातात, कारण वाचनाच्या उताऱ्यांत सूचीबाहेरचे शब्द येतात आणि चार शब्द जास्त माहीत असलेले बरे असे घराघरात वाटते. इंग्रजी शब्दांची पुस्तके वर्णानुक्रमे लावलेली असल्याने त्यांतला ‘अबँडन’ (सोडून देणे) हा आरंभीचा शब्द चिनी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना कायमचा लक्षात राहिला आहे.

शाळेतील दिनक्रम : सकाळच्या पहिल्या तासाआधी सामूहिक मोठ्याने वाचन होते, चिनी व इंग्रजी आलटून पालटून. झोप येऊ नये म्हणून अनेक शाळांत मुले बाकापाशी उभी राहून वाचतात. शब्दांचे लेखी पाठांतर शिक्षक जवळजवळ रोज तपासतात. नवा अभ्यासक्रम शेवटच्या वर्षाच्या आधी किंवा आरंभी संपवून तीन फेऱ्यांत उजळणी केली जाते. पहिली फेरी घटकवार, दुसरी प्रश्नप्रकारवार, तिसरी पूर्ण प्रश्नपत्रिकांची. वसंतात शहर किंवा जिल्हा पातळीवर सराव परीक्षा होतात. चुकलेले प्रश्न उतरवून ठेवण्याची वेगळी वही असते. परीक्षेला शंभर दिवस उरले की पटांगणावर शपथेचा कार्यक्रम होतो.

लेखनाची तयारी : परीक्षार्थीने स्वतःची ओळख देऊ नये म्हणून पत्र ‘ली हुआ’ या कल्पित विद्यार्थ्याच्या नावाने लिहावयाचे असते. हे नाव १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून येऊ लागले असे मानतात. ली हुआ परदेशी मित्राला निमंत्रण देतो, क्षमा मागतो, चिनी सणाची माहिती कळवतो. या थोड्या प्रसंगांसाठी आरंभ, मध्य व शेवट यांची तयार वाक्ये पाठ केली जातात. कोट्यवधी मुलांनी एकाच मुलाच्या नावाने पत्रे लिहिली आहेत, आणि प्रौढपणी एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांतही तो समान आठवणीचा विषय होतो.

हा साचा मोडण्यासाठीच ‘वाचून पुढे लिहा’ हा प्रश्न आला. झेजियांग प्रांतात ऑक्टोबर २०१६ मध्ये तो प्रथम विचारला गेला आणि नव्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत त्याला २५ गुण मिळाले. एक अपुरी गोष्ट दिलेली असते. पुढील दोन परिच्छेदांची पहिली वाक्येही दिलेली असतात, आणि सुमारे १५० शब्दांत गोष्ट पुरी करायची असते. यामागे भाषाशिक्षणतज्ज्ञ वांग चुमिंग यांचा सिद्धांत आहे. वाचलेल्या मजकुराशी लिहिणारा आपले लेखन जुळवून घेतो आणि त्या जुळवणीतून भाषा शिकतो, असे ते मानतात. कल्पना सुंदर आहे, आणि चांगल्या वर्गांत मुले खरोखर मूळ लेखकाची शैली न्याहाळताना दिसतात. परंतु थोड्याच वर्षांत याही प्रश्नाचे साचे तयार झाले. डोळ्यांत पाणी तरळणे, हृदय धडधडणे, मावळत्या सूर्याचे किरण चेहऱ्यावर पडणे यांसाठी वाक्प्रचारांच्या याद्या, तसेच लागोपाठच्या तीन-चार क्रियापदांनी हालचाल रंगवण्याची ‘कृतिशृंखला’ पाठ केली जाऊ लागली. ली शियाओजू यांच्या परीक्षेचे जे झाले त्याचीच ही आवृत्ती होय.

हस्ताक्षराचा प्रश्न इतरत्र गौण मानला जातो. येथे तो गौण नाही. २१ व्या शतकाच्या पहिल्या दशकात उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याची पद्धत पसरली. प्रत्येक लेखन दोन परीक्षक स्वतंत्रपणे तपासतात, गुणांत मोठा फरक पडल्यास तिसऱ्याकडे जाते. पडद्यावर तिरपे, जोडलेले अक्षर अस्पष्ट दिसते. त्यामुळे उभे, गोलसर, छापल्यासारखे, एका उंचीचे वळण लोकप्रिय झाले. त्याला ‘हेंगशुई वळण’ म्हणतात. हेबेई प्रांतातील हेंगशुई येथील कडक शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या शाळेवरून हे नाव पडले. वळण तेथेच जन्मले हे सर्वसाधारण मत होय. तथापि छापील अक्षराचे अनुकरण पडदा-तपासणीबरोबर अनेक ठिकाणी एकाच वेळी सुरू झाले असावे आणि शाळेच्या कीर्तीमुळे नाव तिचे चिकटले असावे, हे अधिक संभवनीय दिसते. देशभर त्याचे कित्ते विकले जातात आणि मुले ते रोज गिरवतात. सर्वांचे अक्षर एक होते यावर आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे, पण कित्ता गिरवणाऱ्या मुलाला दोष देता येत नाही.

श्रवण व संभाषण : श्रवणाच्या पहिल्या पाच प्रश्नांची ध्वनिफीत सामान्यतः एकदाच, पुढची दोनदा ऐकवतात. जेथे श्रवण मुख्य परीक्षेतच असते तेथे त्या वेळी केंद्राजवळ वाहनांचे भोंगे व बांधकामे बंद ठेवतात. ग्वांगदोंगमध्ये २०११ पासून संगणकावर श्रवण-संभाषणाची परीक्षा असून तीत चित्रफितीबरोबर वाचन, भूमिका घेऊन प्रश्नोत्तरे व गोष्ट पुन्हा सांगणे असे तीन भाग असतात. बीजिंगमध्ये २०२१ पासून अशा परीक्षेला ५० गुण असून तिची संधी दोनदा मिळते. या प्रदेशांत वर्गातून इंग्रजी ऐकू येते. इतरत्र मुलांनी सगळी तयारी करूनही ती अबोल राहतात.

वाद व बदल : बीजिंगने ऑक्टोबर २०१३ मध्ये इंग्रजीचे गुण १५० वरून १०० वर आणण्याचा प्रस्ताव मांडला होता, तो प्रत्यक्षात आला नाही. २०१४ च्या सुधारणेने शांघाय व झेजियांग येथून वर्षातून दोनदा इंग्रजी परीक्षा देण्याची सोय झाली. एका दिवसाचे ओझे हलके करणे हा हेतू होता. अनेक शाळांनी पहिल्या संधीआधीच अभ्यासक्रम उरकण्याची घाई केली. झेजियांगमध्ये नोव्हेंबर २०१८ ची प्रश्नपत्रिका अवघड गेल्याने काही प्रश्नांचे गुण वाढीव भार देऊन मोजले गेले. विद्यार्थी व पालकांनी तीव्र हरकत घेतली. प्रांताच्या चौकशीत तो निर्णय चुकीचा ठरला आणि डिसेंबरच्या आरंभी मूळ गुण पुन्हा लागू झाले.

इतर भाषा : इंग्रजीऐवजी रशियन, जपानी, फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिश घेता येते. इंग्रजीत मागे पडलेल्या विद्यार्थ्यांचा अलीकडे जपानीकडे ओढा वाढला आहे. चिनी चित्रलिपीची ओळख तेथे उपयोगी पडते, आणि उच्च माध्यमिकमध्ये नव्याने आरंभ करूनही परीक्षेपर्यंत पोहोचता येते.