हेगच्या फौजदारी न्यायालयाचे न्यायाधीशपद: नामांकन कुठे अडते?

भारताचे दलवीर भंडारी न्यायाधीश म्हणून ज्यावर निवडून गेले, ते आंतरराष्ट्रीय न्यायालय वेगळे. तिथे देशांचे आपापसातले वाद चालतात. इथे विषय आहे तो आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा. नरसंहार, युद्धगुन्हे अशा आरोपांवरून तिथे माणसांवर खटला भरतात. दोन्ही हेगमध्येच असल्याने भलेभले वकीलही गल्लत करतात.

या पदासाठी स्वतः अर्ज करता येत नाही. रोम संविधी, म्हणजे हे न्यायालय ज्या कराराने स्थापन झाले तो, मान्य केलेले सदस्य राष्ट्रच नाव पाठवते, तेही एका निवडणुकीला एकच. भारताने या संविधीवर सहीसुद्धा केलेली नाही, त्यामुळे दिल्लीत खेटे घालू नका. दुसऱ्या देशाकडून नाव लावून घेऊ, हा मार्गही भारतीय नागरिकाला बंद आहे. नाव पाठवणारा देश उमेदवाराचा स्वतःचा नसला तरी चालतो, पण उमेदवार कोणत्या तरी सदस्य राष्ट्राचा नागरिक असावाच लागतो. म्हणजे मॉरिशसचा किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतलेला मराठी कायदेतज्ज्ञ पात्र ठरू शकतो. भारतीय किंवा फक्त अमेरिकी पासपोर्टवाला नाही. दोन नागरिकत्वे असतील तर नागरी आणि राजकीय हक्क एरवी जिथे बजावता, तो देश धरला जातो. एकाच देशाचे दोन न्यायाधीश एका वेळी बसू शकत नाहीत, हेही आधीच पाहून घ्या.

पात्रतेत स्वच्छ चारित्र्य आणि स्वतःच्या देशात सर्वोच्च न्यायपदासाठी लागणारी अर्हता येते. इंग्रजी किंवा फ्रेंच अस्खलित हवे. कामापुरते येते म्हणून भागत नाही. फौजदारी कायदा व खटल्यांचा अनुभव असेल तर उमेदवारांची ‘अ’ यादी, मानवतावादी किंवा मानवी हक्क कायद्यातला असेल तर ‘ब’. दोन्हींत बसत असाल तर एकच निवडायची.

खरे घोडे अडते ते नामांकनासोबत जोडायच्या निवेदनापाशी. नुसता बायोडेटा म्हणजे निवेदन नव्हे. कोणती अट कशाच्या जोरावर पूर्ण होते, यादी कोणती, नामांकन कोणत्या नागरिकत्वावर, महिला किंवा मुलांवरील हिंसाचाराच्या प्रकरणांतले तज्ज्ञत्व आहे का, गरज पडताच पूर्णवेळ येणार का, हे सारे त्यात लिहायचे असते. ‘प्रदीर्घ व उज्ज्वल कारकीर्द’ असली वाक्ये गाळा. कोणत्या खटल्यात तुमची भूमिका काय होती, ते लिहा.

देशांतर्गत निवड दोनपैकी एका पद्धतीने व्हायला हवी: सर्वोच्च न्यायपदासाठीची नेहमीची, किंवा आंतरराष्ट्रीय न्यायालयासाठी वापरतात ती राष्ट्रीय गटाची, म्हणजे देशाने नेमलेल्या कायदेतज्ज्ञांच्या गटाची. परराष्ट्र खात्यात परस्पर ठरवून नाव पाठवायची खोड बऱ्याच सरकारांना आहे आणि त्याची झळ शेवटी उमेदवारालाच बसते.

मुदतीबाबत सावध राहा. दर तीन वर्षांनी अठरापैकी सहा जागा भरतात; नामांकनाची खिडकी बारा आठवडे उघडी असते. तिच्यानंतर आलेले नाव धरत नाहीत, तसेच आधी आलेलेही नाही! कागद राजनैतिक मार्गानेच सदस्य राष्ट्रांच्या सभेच्या सचिवालयाकडे जायला हवेत. तुम्ही मंत्रालयात फाइल दिलीत, त्या तारखेला तिथे काडीची किंमत नाही. उमेदवार कमी पडले की मुदत वाढते, पण त्या आशेवर बसू नका.

पुढे नऊ सदस्यांची सल्लागार समिती मुलाखत घेऊन अहवाल देते आणि गुप्त मतदानात हजर राहून मत देणाऱ्या राष्ट्रांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. पदाची मुदत नऊ वर्षांची. ती पुरी केल्यावर पुन्हा उभे राहता येत नाही. पूर्णवेळ रुजू झाल्यावर दुसरा व्यवसाय चालत नाही, तेव्हा हातातले लवाद आणि वकीलपत्रे कोणाकडे सोपवायची, ते संमती देण्याआधीच ठरवून ठेवा.