आजोळचा झोपाळा आणि काळी गिटार

गेल्या मे महिन्यात भाच्याने एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणून बडोद्यात दांडियाबाजारातल्या आमच्या घरच्या झोपाळ्यावर ठेवली. काळी, जाड चकचकीत रंगाची, कडांना टवके उडालेली. "मामा, हिला ह्या झोपाळ्याचा रंग द्यायचाय. नवरात्रीच्या आत." झोपाळा संखेडा गावच्या लाखकामाचा, माझ्या आजीच्या वेळचा. किरमिजी खांब आणि त्यांवर सोनेरी वेलबुट्टी. भाच्याच्या आजोळची सगळ्यात देखणी वस्तू तीच. गिटारला तोच रंग हवा, हे मला लगेच पटलं. नवरात्रीचं मात्र पटलं नाही. का, ते सांगतो.

मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. "रंग वाळला" या दोन शब्दांत दोन अगदी वेगळ्या घटना दडलेल्या असतात, हे मी दर वर्षी मुलांना सांगत आलो. तूप थिजतं आणि ऊन लागलं की पुन्हा पातळ होतं. दुधाचं दही झालं की त्याचं पुन्हा दूध होत नाही. रंगांचंही तसंच. लाखेचं स्पिरिट पॉलिश किंवा नायट्रोसेल्युलोज लॅकर हे तुपाच्या जातीचे. त्यांतला द्रावक उडून जातो, विरघळलेलं राळेसारखं द्रव्य मागे उरतं, आणि थिनर किंवा स्पिरिट लावलं की ते परत विरघळतं. पॉलिएस्टर आणि दोन डब्यांतलं एकत्र कालवून लावायचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, हे दह्याच्या जातीचे. त्यांत रेणू एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडले जातात आणि सगळा थर म्हणजे एकच अवाढव्य जाळं होऊन बसतं. ते कुठल्याही थिनरला दाद देत नाही.

गिटार उघडताना आम्ही पहिलं काम केलं ते हेच ओळखण्याचं. तारा काढल्या, चार स्क्रू काढून मान वेगळी केली, पुढची प्लॅस्टिकची पट्टी उचलली. तिच्याखाली, वायरींच्या खोबणीजवळ, जिथे डाग पडला तरी दिसणार नाही अशा जागी थिनरमध्ये बुडवलेला कापूस पाच मिनिटं दाबून धरला. लॅकर असतं तर रंग चिकट झाला असता, कापूस काळा झाला असता. कापूस पांढराच राहिला. म्हणजे दही.

अशा रंगाला उष्णतेने काढावं लागतं. जाळं वितळत नाही, पण ठरावीक तापमानाच्या वर त्यातले दुवे हलायला मोकळे होतात आणि काचेसारखा कडक थर चामड्यासारखा नरम पडतो. हीट गन एका जागी न थांबवता फिरवत राहायचं, थर फुगला की बोथट पत्र्याने खालून उचलायचं. हे काम गच्चीवरच करावं, वारा पाठीवर घेऊन, आणि कोळशाच्या काडतुसांचा मास्क लावून. धुळीचा साधा मास्क वाफा अडवत नाही. आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. निघालेले पापुद्रे नखाएवढे जाड होते. खालचं लाकूड फिकट, हलकं, तीन तुकडे जोडून केलेलं निघालं. काळ्या रंगाने ते जोड झाकले होते.

इथे भाच्याने विचारलं, "रंग बदलला की आवाज बदलेल का?" पोकळ पेटीच्या गिटारमध्ये वरची पातळ फळी स्वतः थरथरून हवा हलवते, म्हणून तिच्यावरच्या रंगाचं वजन कानाला जाणवू शकतं. भरीव अंगाच्या गिटारची गोष्ट निराळी. तिच्यातला पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकावर हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलेलं तत्त्व ते हेच. पिकअपला तार दिसते, रंग दिसत नाही. किरमिजी रंगाने आवाज "उबदार" होतो असं कोणी सांगितलं तर माझा त्यावर विश्वास नाही. एका ठिकाणी मात्र रंग खरोखर आड येतो. मान जिथे बसते त्या खाचेत रंगाचा थर चढला तर मान नीट बसत नाही, किंचित कलते, आणि तारांची उंची बिघडते. म्हणून ती खाच आम्ही आधी टेपने बंद केली.

नवा रंग तुपाच्या जातीचाच घ्यायचा, हे मी ठरवूनच ठेवलं होतं. पीयूच्या दुसऱ्या डब्यात आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते श्वासात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो. घरात म्हातारी माणसं असताना ते मी गच्चीवरही आणणार नाही. शिवाय लॅकरचा नवा थर जुन्या थराला थोडा विरघळवून त्यात मिसळून जातो. चूक झाली तर तेवढीच जागा दुरुस्त करता येते. आपले रंगारी कपाटाला "डुको मारतो" म्हणतात, तो शब्दही ह्या लॅकरवरूनच आला. ड्यूपाँ कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव डुको. १९२०च्या दशकात ते मोटारींसाठी आलं आणि आठवडे लागणारं गाड्या रंगवण्याचं काम तासांवर आलं. पुढे फेंडर कंपनीने आपल्या गिटारींना मोटारींचेच रंग दिले. त्यांचा गाजलेला फिएस्टा रेड हा मुळात फोर्ड गाडीचा रंग होता.

लाकडावर आधी चपडी लाखेचं पॉलिश गठडीने फिरवलं, म्हणजे खालचा कुठलाही डाग वर येऊ नये. मग ओळखीच्या गॅरेजमधून कंप्रेसर आणि स्प्रे गन आणून, जुलैत पावसाने उघडीप दिलेल्या एका दुपारी, भाच्याने लॅकर मारलं. मी नको म्हणत होतो. दहा मिनिटांत सगळ्या अंगावर पांढुरकी साय धरली, आरशावर वाफ धरावी तशी. पोराचा चेहरा उतरला.

त्यात त्याच्या हाताचा दोष नव्हता. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, अंगावर स्पिरिट लावल्यावर गार वाटतं तसं. हवा ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २७ अंशांवर असतो. म्हणजे रंग जेमतेम तीन अंश गार झाला की हवेतलं पाणी त्यावर दव होऊन बसतं. हे पाणी ओल्या लॅकरमध्ये शिरून नायट्रोसेल्युलोजला विलग करतं, थरात असंख्य बारीक पोकळ्या राहतात आणि त्या प्रकाश चहूकडे विखुरतात. ढग पांढरा दिसतो तो याच कारणाने. विश्वामित्री नदीच्या काठी पावसाळ्यात दुसरं काय होणार? डिसेंबरच्या दुपारी हवा २८ अंश आणि आर्द्रता ३५ टक्के असली तर दवबिंदू ११ अंशांच्या आसपास येतो. तेव्हा पृष्ठभाग सतरा अंश गार व्हावा लागेल, आणि तसा तो होत नाही.

सावकाश उडणारं थिनर मिसळून पातळ हात फिरवला की साय बऱ्याचदा जाते, कारण थर पुन्हा विरघळतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. आमचीही गेली. पण पुढचं सगळं काम थंडीवर ढकललं. नवरात्रीत त्याने मित्राची गिटार वाजवली.

मधल्या चार महिन्यांत आम्ही झोपाळ्याचा खांब भिंगाखाली पाहिला. संखेड्याच्या कामात सोनं नसतं. कथील वाटून सरसात कालवतात, त्याने नक्षी काढतात, ती रुपेरी दिसते. वर लाखेचा पारदर्शक थर चढला की तीच सोनेरी होते. लाख पिवळसर असते आणि निळा प्रकाश गिळते. प्रकाश लाखेतून खाली उतरतो, कथलावर आपटतो आणि त्याच लाखेतून परत वर येतो. दोन्ही वेळा निळा भाग कमी होत जातो, तांबडा-पिवळा उरतो, आणि धातूची चमक तशीच राहते. आजीच्या खांबाला एका जागी, हात टेकून टेकून, लाख झिजली आहे. तिथल्या वेलीचं एक पान अजून चांदीसारखं पांढरं आहे. त्या एका पानाने भाच्याला प्रकाशशास्त्राचा सगळा धडा शिकवला.

गिटारवर आम्ही तेच केलं. खाली ॲल्युमिनियमचा रुपेरी थर, वर पारदर्शक लॅकरमध्ये घोळलेला किरमिजी रंग. ह्यात खरी कसोटी हाताच्या सारखेपणाची असते. समजा एक थर निळ्या-हिरव्या प्रकाशातला ८० टक्के भाग पुढे जाऊ देतो. प्रकाश जाऊन-येऊन दोनदा त्यातून जातो, म्हणून डोळ्याला ६४ टक्के मिळतो. दोन थरांनंतर ४१ आणि तिसऱ्यानंतर २६. रंग बेरजेने गडद होत नाही, गुणाकाराने होतो. गन क्षणभर जास्त रेंगाळली की तिथे डाग दिसतो, आणि कडांवर दोन्ही बाजूंचे फवारे पडून त्या आपोआप काळवंडतात. भाच्याने आधी पुठ्ठ्यावर आठ दिवस सराव केला. त्या चिकाटीचं मला मनापासून कौतुक आहे. डिसेंबरात त्याने किरमिजीचे चार पातळ थर दिले, वर बिनरंगी लॅकरचे आठ.

विजेचं काम सोपं निघालं. खोबणीला आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थिंगला जोडली. घरातल्या ५० हर्ट्झ विजेची घरघर अशा वेष्टनाने बरीच कमी होते, पूर्ण जात नाही.

आता उरलं चकाकी आणणं. वॉटर पेपर ८००, मग १२००, मग २०००, पाण्याचा थेंब आणि साबण. २००० नंबरच्या पेपरचा कण सुमारे १० मायक्रॉनचा असतो, दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. चरे तरंगलांबीहून मोठे असेपर्यंत प्रकाश विखुरतो आणि पृष्ठभाग धुरकट दिसतो. पॉलिशिंग कंपाउंडने ते त्याहून उथळ झाले की आरसा तयार होतो.

पण हे घासणं अजून सुरू केलेलं नाही. वरचा थर बोटाला कडक लागतो, आत मात्र थिनर अडकलेलं असतं आणि आठवड्यांमागून आठवडे निघत राहतं. ते निघतं तसा थर आक्रसतो. आज घासून सपाट केला तर पुढच्या महिन्यात लाकडाच्या रेषा आणि ते तीन जोड वर दिसू लागतील. याची परीक्षा नाकाने करायची. काल उत्तरायण होतं, गच्चीवर पतंगांची गर्दी, खाली खोलीत खुंटीला टांगलेली गिटार. सगळे वर असताना भाचा खाली आला, मानेच्या खाचेपाशी नाक नेलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. वास अजून येतोय. फेब्रुवारीत पुन्हा पाहू.