औषध फसलं, की जंत नव्याने आले?

शेळ्यांना जंताचं औषध पाजून महिना झाला आणि पुन्हा जबड्याखाली पाणी उतरलं, पापण्या आतून पांढऱ्याफटक. मग ‘जंत औषधाला दाद देईनात’ म्हणत आपण दुसरी बाटली आणतो. पण दाद न देणं वेगळं आणि नव्याने लागण होणं वेगळं.

रक्त पिणारा हिमोंकस घ्या. याची मादी दिवसाला हजारो अंडी घालते. पावसाळ्यात लेंडीतल्या अंड्यांतून आठवडाभरात अळ्या निघून गवताच्या पात्यांवर चढतात. शेळीच्या पोटात गेल्यावर साधारण तीन आठवड्यांत त्याही अंडी घालू लागतात. म्हणजे औषधाने सगळे जंत मेले, तरी त्याच ओल्या रानात चारलं तर महिन्यात मूळपदावर. यात औषधाचा काय दोष?

प्रतिकारात काही जंत औषध पचवून जगतात आणि पुढची पिल्लावळ त्यांचीच होते. अल्बेंडाझोल जंताच्या ट्युब्युलिन या प्रथिनाला धरतं. ते प्रथिन जरा बदललेलं असलं की पकडच बसत नाही. फेनबेंडाझोल याच कुळातलं, त्यामुळे नुसतं लेबल बदलून भागत नाही.

फरक कळतो तो लेंड्या तपासून. औषध देण्याच्या दिवशी आणि 14 दिवसांनी, त्याच शेळ्यांच्या. दर ग्रॅममागे 1,000 अंडी होती आणि 30 उरली, तर औषध चाललं. 400 उरली, तर संशय पक्का; एवढ्यात नवी लागण अंड्यांवर येत नाही. महिन्याने तपासलं, तर दोन्ही सरमिसळ होतं.

त्याआधी डोस बघा. 30 किलोची शेळी नजरेने 20 किलोची धरली, तर एक तृतीयांश औषध कमी गेलं. शेळी हे औषध मेंढीपेक्षा लवकर शरीराबाहेर टाकते, म्हणून मेंढीचा डोसही तिला अपुरा. डोस डॉक्टरांकडूनच घ्या. गाभण शेळी असेल तर तसं आधी सांगा.

खरी गोम उपायात आहे. नव्या लागणीवर ‘सगळा कळप पाजा आणि लगेच ताज्या रानात सोडा’ हा सल्ला सोयीचा वाटतो. प्रतिकार असेल तर तोच अंगाशी येतो: औषधातून वाचलेले तेवढेच जंत नव्या रानात पेरले जातात. म्हणून पापण्या लाल असलेल्या धडधाकट शेळ्या न पाजता ठेवतात. त्यांच्या लेंड्यांतून औषधाला बळी पडणारे जंतही रानात राहतात.