बेवडाची दुसरी बाजू

कडधान्याचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण, चांगला, असे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. पण तक्रारही तितकीच जुनी आहे. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टसने लिहून ठेवले की इतर कडधान्यांनी जमीन सुधारते, हरभऱ्याने मात्र ती दमते. शिवाय तो तण मारतो, सराटा तर सर्वांत आधी.

१८३२ मध्ये द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने कारण सुचवले: मुळे काही द्रव्ये जमिनीत सोडतात, ती त्याच जातीच्या पुढच्या पिकाला बाधतात, म्हणून फेरपालट हवी. पण १८४० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगचा खनिज-पोषणाचा सिद्धांत (वनस्पती जमिनीतल्या खनिजांवर पोसतात) आला आणि पिकाची प्रत्येक आबाळ अन्नद्रव्याच्या हिशेबात मांडली जाऊ लागली. पुढे हेलरीगल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ मध्ये कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले नत्र-स्थिरीकरण, म्हणजे हवेतले नत्र पिकाला मिळवून देणे, सिद्ध केले. शोध मोठाच होता. पण माझ्या मते त्याच्या प्रकाशात द कांदोलचा प्रश्न दिसेनासा झाला. युरोपात क्लोव्हर हा कडधान्यांच्याच कुळातला चारा त्याच शेतात पुन्हा पेरला की खुरटतो, हे ठाऊक असूनही दोष बहुधा बुरशी आणि सूत्रकृमींवर जाई. तो काही अंशी खराही होता, आणि गुंता तिथेच आहे: रोग, अन्नाची उणीव आणि विष यांची लक्षणे शेतात सारखीच दिसतात.

१९३७ मध्ये हान्स मोलिश यांनी एका वनस्पतीच्या द्रव्यांचा दुसरीवर होणाऱ्या परिणामाला ‘अ‍ॅलिलोपॅथी’ हा शब्द दिला. नंतर एकेक द्रव्य हाती लागत गेले: लाल क्लोव्हरमधली आयसोफ्लॅव्होनॉइड्स, खाजकुइरीतला एल-डोपा. हेअरी व्हेच या वेलीत तर सायनामाइड सापडले. त्याचेच कॅल्शियम संयुग विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कारखान्यात बनवून खत म्हणून विकले जात होते!

लसूणघासाची गोष्ट सर्वांत बोलकी. तो स्वतःच्याच रोपांना मारतो. जुन्या झाडांच्या पाल्यातून पाण्यात उतरणारी द्रव्ये कोवळ्या मुळाचे टोक सुजवतात, मूळ वाकडे होते, केशमुळे फुटत नाहीत. वाचलेली रोपे पुढेही कमीच चारा देतात, त्यामुळे विरळ झालेल्या जुन्या घासात बी टाकून जागा भरत नाही. १९९० मध्ये मेडिकार्पिन या संयुगाकडे बोट दाखवले गेले, पण एकट्याचा दोष ठरलेला नाही. म्हणून जुना घास मोडला की आधी मका घेतात. नत्र मक्याला मिळते, आणि तोवर जमिनीतले विष विरून जाते.