ताण-अस्थिभंग (स्त्री सैनिकांमधील)

कूच, धाव व पाठीवरचे ओझे यांचा भार पुन्हापुन्हा पडून हाडाला जाणारी बारीक चीर. झीज भरून येण्याआधीच नवा भार पडत राहिला की ती वाढते. नडगी, तळपायाची लांब हाडे व जघनास्थी (ओटीपोटाच्या खालचे, कटीचे पुढचे हाड) ही तिची नेहमीची ठिकाणे.

विकाराचे पहिले वर्णन पुरुषांवरून झाले. प्रशियाचा लष्करी वैद्य ब्राइटहाउप्ट याने १८५५ मध्ये शिपायांच्या सुजलेल्या पावलांची नोंद केली. त्याला तो कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणांचा दाह वाटला होता. हाडातली चीर दिसली ती क्ष-किरणांच्या शोधानंतर, १८९७ च्या सुमारास.

वेस्ट पॉइंट येथील अमेरिकी लष्करी प्रबोधिनीत १९७६ मध्ये स्त्रियांना प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणात स्त्रियांमध्ये सुमारे १० टक्के, तर पुरुषांमध्ये सुमारे १ टक्का ताण-अस्थिभंग आढळले. या तफावतीच्या कारणाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार स्त्रियांचे हाड तुलनेने बारीक व त्याची भिंत पातळ असल्याने समान भार त्यांना अधिक जाचतो. दुसरे मत असे की, भरतीवेळची शारीरिक क्षमता जमेस धरली की एकूण दुखापतींतील फरक बराचसा मावळतो. एकूण दुखापतींपुरते दुसरे मत ग्राह्य दिसते. जघनास्थीच्या भंगाचा उलगडा मात्र त्याने होत नाही. तेथे पावलाची लांबी अधिक समर्पक ठरते. उंच पुरुषांच्या रांगेत पाऊल जुळवताना बुटक्या स्त्रीला टांग लांबवावी लागते आणि मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू जघनास्थीला ओढ देतात. ऑस्ट्रेलियन सैन्यात कूचेचा वेग ताशी ७.५ किमी.वरून ५ किमी.वर आणला, पाऊल ज्याच्या-त्याच्या सोयीवर सोडले, धावण्याची पद्धतही बदलली. त्यानंतर हे भंग ११.२ टक्क्यांवरून ०.६ टक्क्यावर आले (१९९९ चा अहवाल). बदल एकत्रच झाल्याने श्रेय नेमके कोणाला, हे वेगळे काढता येत नाही.

ब्रिटिश सैन्याने १९९८ मध्ये उलट वाट धरली. स्त्री-पुरुषांना एकच प्रशिक्षण लागू झाले आणि अतिवापराच्या दुखापतींमुळे सेवामुक्त होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ४.६ वरून ११.१ टक्क्यांवर गेले. पुरुषांत ते दीड टक्क्याखालीच राहिले.

आहाराचा भाग निराळा. अमेरिकी नौदलातील ५,२०१ स्त्री प्रशिक्षणार्थींवरील चाचणीत (२००८) कॅल्शियम व ड जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात ताण-अस्थिभंग सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. अपुरे खाणे व त्यातून अनियमित होणारी मासिक पाळी हीही हाड कमकुवत होण्याची मान्य कारणे आहेत.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली. तेथील प्रशिक्षण तीन वर्षांचे असल्याने आठ-दहा आठवड्यांच्या परदेशी पाहण्यांतील आकडे तेथे जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे.