नकाशा पाहिला, आता छेद दाखवा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात घर बांधायला निघालेल्या माणसाच्या हातात आर्किटेक्टकडून बहुधा दोन गोष्टी पडतात. एक नकाशा, म्हणजे वरून पाहिलेल्या खोल्या. दुसरं रंगीत चित्र. त्यात आकाश निळंशार असतं, दारात गाडी उभी असते आणि पाऊस कधीच पडत नसतो. घरातली सगळी चर्चा या दोन कागदांवर होते: देवघर कुठे, टीव्ही कुठल्या भिंतीला, संडास आत की बाहेर. कोकणात घराचं बरंवाईट ठरवणारा तिसरा कागद सहसा कुणी मागत नाही. तो म्हणजे छेद. घर पायापासून आढ्यापर्यंत उभं कापलं तर काय दिसेल, त्याचं चित्र. पाणी वरून येतं, वजन खाली जातं, मे महिन्यातलं ऊन डोक्यावरून उतरतं. यातलं काहीच नकाशात दिसत नाही.

छेद वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. पाण्यापासून सुरुवात करायची. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपराने वळचणीसकट 12 बाय 10 मीटर जागा झाकली असेल, तर चार महिन्यांत त्यावर 3,60,000 लिटर पाणी पडतं. शंभर मिलिमीटरचा एखादा दिवस आला की एका दिवसात 12,000 लिटर. हे पाणी छपरावर किती वेळ थांबणार आणि उतरून कुठे पडणार, हे छेदावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

मंगलोरी कौलाला निदान 30 अंशांचा उतार हवा. म्हणजे आडवं एक मीटर गेलं की चढ सुमारे 58 सेंटिमीटर. उतार कमी ठेवला की पाणी कौलावरून हळू वाहतं, वारा ते खालून वर ढकलतो आणि एका कौलाच्या खाचेवरून ते दुसऱ्याखाली शिरतं. कौल फुटलेलं नसतं, तरी घर गळतं. मग गवंड्याला बोल लावले जातात, पण चूक कागदावरच झालेली असते. ही कौलं काही फार प्राचीन नाहीत. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 साली कारखाना काढला, त्यानंतर ती किनाऱ्याने वर सरकली. त्याआधी कोकणात कुंभाराची नळीची कौलं होती आणि दर वर्षी पावसाआधी घर शाकारावं लागे, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट रचावी लागत.

आता पडवी. जुन्या घरात ती बसायला आणि आल्यागेल्याला टेकायला असते, असा समज आहे. ते खरंच, पण पडवीचं खरं काम भिंत कोरडी ठेवण्याचं आहे. त्याचं गणित सोपं आहे. दोन मिलिमीटर जाडीचा पावसाचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. वारा त्याच वेगाने, म्हणजे ताशी 23-24 किलोमीटरने वाहत असेल, तर पाऊस 45 अंशांत तिरपा येतो. आषाढात नैऋत्येकडून येणाऱ्या झडीला हा वेग किरकोळ आहे. 45 अंशांच्या पावसात दोन फुटांची वळचण भिंतीचा वरचा दोन फूटच भाग वाचवते. दहा फुटी भिंत असेल तर खालची आठ फूट भिजते. अडीच मीटर भिंत कोरडी ठेवायची तर अडीच मीटर खोल पडवी लागते. वारा त्याहून वाढला की तीही पुरत नाही, म्हणून पूर्वी पावसाळ्यात पडवीला नारळाची झापं बांधत.

हे पडताळून पाहायचं असेल तर सप्टेंबरअखेरीस गिलावा नसलेली कुठलीही चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची, भिंत पाहा. पश्चिमेच्या बाजूला शेवाळाचे दोन पट्टे दिसतील. एक जोत्यालगत (जमिनीवर उचललेल्या चौथऱ्यालगत), पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून उडतं तेवढ्या उंचीचा. दुसरा वळचणीखाली ठरावीक अंतर सोडून सुरू होणारा. त्या सोडलेल्या अंतराला वळचणीच्या लांबीने भागलं की यंदाची झड किती तिरपी होती ते कळतं. पूर्वेच्या भिंतीवर वरचा पट्टा फिका किंवा मुळीच नसतो. खालचा पट्टा मात्र सगळीकडे असतो आणि चिरा आधी तिथेच झिजतो. म्हणून जोतं दोन-अडीच फूट उंच हवं आणि पागोळ्या पडतात त्या रेषेवर मातीऐवजी खडी हवी. पाणी खडीत मुरतं, उडत नाही.

चिऱ्याविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण त्याच्याबद्दल गैरसमज फार. जांभा म्हणजे लाखो वर्षं पावसाने धुतलेला खडक. त्यातली वाळूची द्रव्यं आणि क्षार वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनिअमची ऑक्साइडं मागे राहिली. खाणीत तो ओला आणि मऊ असतो, म्हणून कापता येतो. उघड्या हवेत सुकला की कठीण होतो. कापल्या कापल्या भिंतीत चढवण्यापेक्षा दोन-तीन महिने उघड्यावर ठेवलेला चिरा बरा, तो याचमुळे. भारतीय मानकाप्रमाणे चिऱ्याने दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 35 किलो भार सोसायला हवा. हा आकडा काँक्रीटपुढे फारच लहान वाटतो. पण नऊ इंची, तीन मीटर उंच भिंतीचं स्वतःचं वजन तळाशी चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोही भरत नाही. एकमजली घरात वर स्लॅब धरला तरी ते दोन किलोच्या आत राहतं. म्हणजे साधी भिंत वजनाने सहसा खचत नाही. तडा जातो तो बीम थेट एका चिऱ्यावर टेकवला तर, कारण अख्ख्या खोलीचं ओझं तेवढ्याशा जागेत एकवटतं. बीमच्या टोकाखाली काँक्रीटचा ठोकळा घातला की ते पसरतं. छेदात तो ठोकळा दाखवलाय का, हे विचारायचं.

चिऱ्याचा खरा वैरी म्हणजे अडकून राहिलेलं पाणी. खाणीवरच पारखायचं असेल तर हातोडीने ठोका. बद्द आवाज आला किंवा पांढरट-पिवळ्या मातीचे कप्पे दिसले, तर तो चिरा गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, ठेवा. खात्री हवी तर सुका चिरा वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा वजन करा. वाढ 12 टक्क्यांच्या आत हवी. तीस किलोचा चिरा 33 किलो 600 ग्रॅमच्या वर गेला, तर तो भिंतीच्या कामाचा नाही. आणि एवढा पारखलेला चिरा सिमेंटच्या जाड गिलाव्याखाली गाडू नका. गिलाव्याला बारीक तडे जातात, तड्यांतून पाणी आत जातं, पण त्याच वाटेने सुकून बाहेर पडू शकत नाही. चार पावसाळ्यांत पोपडे. चुन्याचा गिलावा किंवा नुसते सांधे भरलेली उघडी भिंत ओल बाहेर सोडते.

मग लोक स्लॅब का घालतात? त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. शाकारणीला माणूस मिळत नाही, लाकडाला वाळवी लागते आणि वानरांची टोळी एका सकाळी चाळीस कौलं फोडून जाते. वानरांचा विचार न करता कौलारू घराचे गोडवे गाणारा माणूस कोकणात राहत नसावा. स्लॅब घाला, पण त्याची किंमत छेदात वाचा. 120 चौरस मीटरला दर चौरस मीटरी पंधरा कौलं, उताराचं वाढीव क्षेत्र धरून दोन हजारांवर कौलं लागतात. त्यांचं वजन पाचेक टन. तेवढीच जागा झाकणारा पाच इंची स्लॅब साडेसदतीस टनांचा. तो दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, स्लॅबखाली तिला वाट नसते.

त्याहून मोठी गोष्ट खारी हवा. मिठातला क्लोराइड काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचला की ती गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो आणि खालचा थर फोडून काढतो. छतातून पडलेले पोपडे आणि उघडी लाल सळई, हे दृश्य किनाऱ्यावर कुठल्याही गावात दिसेल. भारतीय मानक 456 (2000) किनारी हवेला उघड्या काँक्रीटसाठी एम 30 प्रत (काँक्रीटच्या मजबुतीचा दर्जा), सळईवर 45 मिलिमीटर कव्हर (सळई झाकणारा काँक्रीटचा थर) आणि सिमेंटच्या वजनाच्या 0.45 पटीच्या आत पाणी सांगतं. म्हणजे 50 किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, ओल्या वाळूतलं पाणी धरून. साइटवर पाणी बादलीने अंदाजे ओतलं जातं, कव्हरला खडीचा तुकडा लावतात आणि वाळू खाडीची असते. पुढे स्लॅब गळायला लागतो आणि त्यावर पत्र्याची शेड चढते. घराला दोन छपरांचा खर्च आणि नीट काम एकाचंही नाही. शेड घालायचीच असेल तर ती पहिल्यापासून छेदात असू द्या. मग स्लॅब थंडही राहील आणि कोरडाही.

हलक्या छपराचा एक धोका मात्र आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्रे आणि कौलं उडाली. वाऱ्याचं ओढणं वळचणीला आणि आढ्याला सगळ्यात जास्त असतं. लांब वळचणीखाली तो खालूनही लोटतो. मग झडीसाठी लांब वळचण हवी आणि वादळासाठी नको, हा पेच सोडवायचा कसा? जुन्या बांधणीत पडवीला स्वतःचे खांब आणि कमी उंचीचं वेगळं छप्पर असे. वादळात ते गेलं तरी माजघरावरचं शाबूत राहण्याची शक्यता बरीच. कौलांच्या शेवटच्या दोन ओळी तारेने रिपांना (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांना) बांधणं आणि आढ्यावरचे कोने (आढं झाकणारी कौलं) चुन्यात पक्के बसवणं, हे त्याच्या जोडीला.

तेव्हा आर्किटेक्टकडे जाताना हे प्रश्न घेऊन जा. छपराचा उतार किती अंश? नैऋत्येच्या भिंतीपुढे पडवी किती खोल? जोतं अंगणापासून किती उंच? बीम कशावर टेकतोय? सळईवर कव्हर किती? छेद 1:50 प्रमाणात असला तर कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे एक मीटर, साधी शाळेची पट्टी पुरते. नकाशासाठी पट्टीपेक्षा फक्की, म्हणजे आखणीची पांढरी पूड, बरी. खळ्यात (घरापुढच्या अंगणात) किंवा रिकाम्या जागेत खोल्या खऱ्या मापाने फक्कीने आखा. खाटेच्या मापाची चटई अंथरा, दार उघडतं तेवढा 90 सेंटिमीटरचा कोपरा रिकामा सोडा आणि घरातल्या सगळ्यांना, विशेषतः काठी घेऊन चालणाऱ्या आजीला, माजघरातून न्हाणीपर्यंत चालून पाहायला सांगा. अडचण तिथेच कळते आणि ती पुसायला केरसुणी पुरते.